बादली ज्याची, हात त्याचा

माझी मावशी शिवणकाम करते आणि डूख धरते. दोन्हींत तिचा हात धरणारं आमच्या गल्लीत कोणी नाही.

मंडईतला सडका भाजीपाला उचलायचा ठेका ज्याच्याकडे होता, तो ठेकेदार सगळी घाण लांब न्यायची सोडून मावशीच्या खिडकीखालच्या मोकळ्या जागेत ओतायचा. काका तेव्हा दम्याने अंथरुणाला खिळलेले. मावशी हात जोडून त्याच्याकडे गेली, तर हा शहाणा गाडीतून न उतरताच म्हणाला, "वास येतो तर खिडकी लावून घ्या."

तिने लावून घेतली. काका तो अख्खा उन्हाळा "जरा उघड गं" म्हणत राहिले आणि बंद खोलीतच गेले. रडून झाल्यावर मावशी मला म्हणाली, "या कचऱ्यावरच त्याचं पोट चालतं ना? तोच काढून घेते."

नगरपालिकेचे उंबरठे झिजवून, गल्लीतल्या बायका गोळा करून तिने त्याच जागेत गॅसची टाकी बांधून घेतली. गोबरगॅससारखीच, पण शेणाऐवजी भाजीपाला खाणारी. मंडईचा कचरा टाकीत जायला लागला आणि ठेका आपोआप बुडाला. गॅस आधी गल्लीतल्या चुलींना, कारण वास त्यांनीच सोसला होता. उरलेला रबडा खत म्हणून भाजी पिकवणाऱ्यांना. सुरुवातीला हावरटपणा करून आम्ही सरबतवाल्यांची लिंबाची सालं पोत्यांनी ओतली. टाकी आंबली, चुली थंड पडल्या. तेव्हापासून टाकीचं पोट बघूनच घास, आणि प्रत्येक बादली मावशी स्वतः बघणार.

आणखी एक नियम तिचाच: ज्याला गॅस हवा, त्याने आपली बादली आपल्या हाताने आणायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम कोणासाठी केलाय, हे फक्त मला कळलं होतं.

ठेका बुडाल्यावर ठेकेदाराने गल्लीच्या तोंडाशी खानावळ काढली होती. सिलिंडर परवडेना, तेव्हा त्याने ड्रायव्हरच्या हाती बादली पाठवली. मावशीने ती तशीच परत धाडली. एक बाई म्हणाली, "त्याला गॅस द्यायचाच कशाला?" मावशी म्हणाली, "देणार. नियम सगळ्यांना सारखा."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. उष्ट्याची बादली पँटवर हिंदकळत होती, गल्ली दारात उभी राहून बघत होती. मला इतकं बरं वाटलं की लाजही वाटली नाही. मावशीने बादलीत काठी फिरवून सावकाश, फार सावकाश तपासणी केली. तो नाकाला रुमाल लावून म्हणाला, "काय वास येतो हो ताई इथे."

"वास येतो तर खिडकी लावून घ्या," मावशी म्हणाली.

तो हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करतेय. त्याला काहीच आठवत नव्हतं.

मावशीचा चेहरा पडला. इतकी वर्षं जपलेलं ते वाक्य त्याच्या गावीही नव्हतं. मग तिने बादली टाकीत ओतली आणि रिकामी त्याच्या हातात दिली.

"उद्या या," ती म्हणाली. "रोज या. आठवेल."