शीड शिवणारीची एकच फेरी

सुतारमास्तरांनी ती शिडाची बोट घरामागच्या शेडमध्ये सात वर्षं खपून बांधली. दिवसभर लोकांची दारं-खिडक्या, संध्याकाळी बोट. तिची दोन्ही शिडं त्यांच्या बायकोने घरच्या मशीनवर शिवली. कापड एवढं मोठं, की पुढच्या खोलीतलं सामान भिंतीला लावावं लागलं आणि दोन महिने सगळे स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवले. आता बसायची सोय फक्त बोटीत उरलीय, असं मुलगी म्हणायची.

बोट पाण्यात उतरली त्या सकाळी धक्क्यावर ही गर्दी. पहिल्यांदा बायकोलाच न्यायचं, हे मास्तरांचं कधीचं ठरलेलं. चपला हातात घेऊन ती जपून आत उतरली. मास्तरांनी तिच्या हाती शिडाचा दोर दिला आणि सांगितलं, मी म्हणेन तेव्हा सैल सोड.

वारा छान होता. शीड फुगलं तशी ती आपल्याच टाक्यांकडे बघत राहिली. तेवढ्यात जोराचा झोत आला. मास्तर सोड म्हणाले, ते तिला ऐकूच गेलं नाही. बोट कलली, पाणी आत आलं आणि धक्क्यावर कोणीतरी हसलं.

"डोकं घरी ठेवून आलीस का?" मास्तर ओरडले.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. दोर असा धरतात का, इथे बसू नको, तिथे बसू नको, असं परत येईपर्यंत चाललं होतं. धक्क्यावर सगळं ऐकू जात होतं. ती उतरली, लोकांकडे बघून हसली आणि एकटीच चालत घरी गेली.

संध्याकाळी मास्तरांनी विषय काढला, पण चुकलं म्हणायचं सोडून वाऱ्याचं गणित समजावत बसले. पुढच्या रविवारी तिला घरात काम निघालं, त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे. मग त्यांनी विचारणंच सोडलं. बारा वर्षं ते मित्रांना घेऊन जात राहिले. कोणी शिडांचं कौतुक केलं की ते विषय बदलत.

पाठीने दगा दिला तेव्हा बोट विकायची ठरली. त्या आठवड्यात ती भाजी निवडत असताना मास्तर समोर येऊन बसले.

"त्या दिवशी माझं चुकलं. माझ्यामुळे तुला पाण्याची भीती बसली."

"पाण्याची नाही हो," ती हलकेच म्हणाली. "पाण्यावर मला फार बरं वाटलं होतं."

बोट अजून चार दिवस आपलीच आहे, येतेस का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली नाही, नुसता गुडघा चोळत राहिली. धक्क्याच्या ओल्या पायऱ्या आता तिला उतरवत नव्हत्या.

रविवारी नवा मालक आला आणि वारा बरा आहे म्हणत लगेच बोट घेऊन गेला.