चढ आला की

पालीच्या धरणाकडं सकाळी फिरायला माझ्यासोबत शेजारचे एक निवृत्त कंपाउंडर यायचे. माणसांशी बोलणं कमी, पण वाटेतल्या प्रत्येक कुत्र्याला “काय मालक, बरं हाय ना?” विचारायचे. पुण्याच्या लेकीनं त्यांच्या मनगटावर ठोके मोजणारा पट्टा बांधला होता. ते ठोके तिला तिकडं मोबाईलवर दिसत. चढ आला की हे पट्टा बंद करायचे.

“कावून बंद करता?”

“बॅटरी वाचती,” म्हणायचे आणि धापा टाकत चढायचे. उतारावर पट्टा पुन्हा चालू.

एका सकाळी चढाच्या अलीकडंच ते थबकले, घामानं डबडबले. मी त्यांना धरलं, तर त्यांनी आधी पट्ट्याचं बटण दाबून धरलं. तो बंद झाल्यावरच खाली बसले.

“लेक बाळंतीण हाय. उगं घाबरल.”

रिक्षा येईस्तोवर ते गेले होते.

तिसऱ्या दिवशी लेक तान्हं बाळ घेऊन माझ्या दारात आली. मोबाईल पुढं करत म्हणाली, “काका, शेवटपर्यंत ठोके नीट दिसतात. त्यांना त्रास न्हाई ना झाला?”

“न्हाई गं माय,” मी म्हणालो.

तेव्हा कुठं ती रडली.