मेथीखालचं मटण

आबासाहेबांनी डबा माझ्या टेबलावर आपटला. "हुंगा," म्हणाले.

हुंगायची गरज नव्हती. सारं ऑफिस नाक धरून बाहेर पळालं होतं.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. खानदेशातल्या एका म्युनिसिपालटीत मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. खाटकांचं मटण तपासायचं आणि शिक्का मारायचा, हे माझं काम. आबासाहेब कापसाच्या जिनिंगचे मालक, आरोग्य कमिटीचे मेंबर, गळ्यात तुळशीची माळ. मटणाचं नाव काढलं तरी चूळ भरणारे.

"शेजाऱ्यांकडे आलंय. करीम खाटकाचं. त्याचं लायसन आजच रद्द करा, नाहीतर गोऱ्या कलेक्टरसाहेबांच्या कानावर घालतो."

करीमभाईला बोलावणं गेलंच होतं. तो दारात उभा होता, चेहरा उतरलेला. दुकान बंद म्हणजे घरची चूल बंद. तुकड्यावर शिक्का माझा, म्हणजे माझीही नोकरी पणाला.

आमचे हेल्थ ऑफिसर माझ्या कानाशी लागले, "द्या ना रद्द करून. मेंबरशी कशाला वाकडं?" डॉक्टरकी शिकून आलेला माणूस हा!

मी सुरी मागवली. मटणाचं गणित सोपं असतं. जनावर रोगट असेल तर घाण हाडापासून सुरू होते. चांगलं मटण उन्हात कोंडलं तर आधी वरून बुळबुळीत होतं, हाडाशी बराच वेळ ठीक राहतं. शिक्का तर सकाळचाच होता.

तुकडा हाडापर्यंत चिरला. वर तार सुटलेली. आत लालसर, वास नाही. कडेला मेथीची पानं चिकटलेली.

"हे आणलं कोणी?"

आबासाहेबांचा गडी सुकलाल मागेच उभा होता. भोळा माणूस. "मीच लई वनू साहेब. आबानी सांगं व्हतं, मेथीखाल दपाडीसन लई ये, बजारमातीन नको, मळावरथीन ये. कोणले दिसाले नको."

वैशाखातलं ऊन, बंद डबा, लपवायला वर मेथी, आणि बाजार टाळून मळ्यावरून गावाला वळसा! लोणचंसुद्धा नासलं असतं.

"शेजाऱ्यांसाठी?" मी विचारलं.

सुकलाल गोंधळला. "नही, आमना घरमाज. दर आइतवारले."

"वैद्यांनी औषध म्हणून सांगितलंय," आबासाहेब पुटपुटले.

डॉक्टरसाहेबांना लगेच कंठ फुटला. "मी म्हणतच होतो, मटण चांगलं आहे!"

मला दोघांचीही किळस आली. डब्यातल्या तुकड्याची आली नव्हती.

लायसन राहिलं. करीमभाईची माफी कोणी मागितली नाही. उलट पुढच्या मीटिंगमध्ये आबासाहेबांनीच ठराव आणला की खाटकांनी मटण उघड्यावर टांगू नये, सज्जनांच्या भावना दुखावतात. एकमताने पास झाला.

कापण्याआधी प्रत्येक बोकड तपासायचा नियम आहे. दात, डोळे, जीभ, सगळं बघावं लागतं. मेंबरांसाठी असा नियम अजून कोणी केलेला नाही.