आमदारांची टोपी

नागपूरजवळच्या आमच्या पॉवर हाऊस कॉलनीत चिमण्यांची राख दिवसभर अलगद उतरायची, स्वप्नात उतरावी तशी. वडिलांची नोकरी तिथलीच, म्हणून कुणी कुरकुरत नसे. दोरीवरचे कपडे काढले की आधी झटकायचे, एवढंच.

हिवाळी अधिवेशनासाठी आलेले एक आमदार एकदा आमच्या अंगणात थांबले. आईला म्हणाले, "माय, वीज पाहिजेच. पण राखेले काही माप पाहिजे का नाही? मापाबाहेर गेली तर सोडणाऱ्यानं भरून द्यावं. उद्या हेच बोलतो सभागृहात." मग नळावर आपली खादीची टोपी धुऊन त्यांनी आमच्या दोरीवर टाकली. "उद्या जशी होईल तशीच घालून उभा राहीन."

दुसऱ्या दिवशी ते आले, तेव्हा टोपी राखाडी झाली होती. आईनं सवयीनं ती काढली, दोनदा झटकली आणि पांढरीशुभ्र करून त्यांच्या हातात दिली.

ते बराच वेळ टोपी चाचपत राहिले. मग मंद हसले. "तिथंबी असंच होते वं माय. सगळे झटकून देतात."

विधानभवनाकडं जाणारी सीताबर्डीची बस त्यांना घेऊन निघाली. धुरकट उन्हात खिडकीतली पांढरी टोपी तरंगत गेली.

"उद्या पुन्हा वाळत घालू," आई ओशाळून म्हणाली.

अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस होता.