मुंबईला पाठवलेल्या तीन बाटल्या

“रोग हाय का नाय, येवढाच सांगा बाय. बाकीचा आमी बगून घेऊ.”

पार्वतीकाकींनी रिपोर्ट माझ्या टेबलावर पालथा ठेवला होता. शेजारी त्यांची सून सुनंदा मान खाली घालून बसली होती. तिला तिसरा महिना होता. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नव्हता. नवरा मालवाहू बोटीवर. हातखंब्याच्या आतल्या गावात या दोघीच.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे गोळ्या-इंजेक्शनं न देणारी डॉक्टर. रक्त तपासायचं आणि काय दिसलं ते लिहायचं. ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. रत्नागिरीत माझी दोन खोल्यांची लॅब होती. मोठ्या टेस्ट तिथे होत नसत. रक्त फिरवून वरचं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, छोट्या बाटलीत काढायचं. मासळीच्या कारखान्यातून बर्फ आणायचा, थर्मासमध्ये भरायचा आणि मुंबईच्या गाडीने मोठ्या लॅबकडे पाठवायचा. मग वाट बघायची.

गर्भ टिकत नसला की तेव्हा ‘टॉर्च’ नावाची टेस्ट सर्रास लिहून देत. चार-पाच आजारांची ती एकत्र तपासणी. सुनंदाच्या रिपोर्टवर बाकी सगळं ठीक होतं. फक्त दोन ओळी नडल्या होत्या. हर्पिस आयजीजी पॉझिटिव्ह. हर्पिस आयजीएम डाउटफुल.

“डाक्टर म्हनाला, ह्यो आजार बायरनं येतो,” काकी म्हणाल्या. “बायरनं म्हंजे काय, ता मला कळतंय. सोमवारी पोट खाली करायचा. मग हिला म्हायेरी धाडतंय. झील आला की काय ता ठरवील.”

सुनंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला काकींचा राग आला आणि तो बहुधा चेहऱ्यावर दिसलाही. बंदरोबंदर फिरतो तो मुलगा, आणि संशय कुणावर? घरी बसून गुरंढोरं सांभाळणारीवर!

काकींना बाहेर बसवलं आणि सुनंदाला विचारलं, “ताप आला की ओठाला जर येतो का गं? बारीक फोड, मग खपली?”

“येतो की. शाळेत होते तेव्हापासून.” मग एकदम तिचे डोळे भरले. “मॅडम, माझं काही चुकलेलं नाही. देवाशपथ. पोर राहील ना माझं?”

राहील, असं मी म्हणू शकत नव्हते. आमच्या धंद्यात खोटा दिलासा देता येत नाही, आणि त्या वेळी ते मला फार जड गेलं.

तो ‘जर’ म्हणजे हर्पिसच. त्याचे दोन प्रकार. एक बहुतेक ओठांवर उठतो. तो लहानपणीच घरातल्या कुणाच्या तरी मुक्यातून किंवा उष्ट्यातून लागतो. दुसरा शरीरसंबंधातून पसरतो. तेव्हाच्या टेस्टला या दोघांतला फरक धड कळत नसे. आयजीजी म्हणजे आजार कधीतरी येऊन गेल्याची खूण. ती जन्मभर राहते. आयजीएम सहसा आजार ताजा असताना दिसतं, पण ते भारी लबाड. जुना आजार डोकं वर काढतो तेव्हाही उगवतं, कधी दुसऱ्याच कारणाने खोटं दिसतं. आणि ‘डाउटफुल’ म्हणजे मुंबईच्या लॅबलाही हो की नाही ते सांगता आलेलं नाही.

मी सुनंदाच्या डॉक्टरांना फोन लावला. रत्नागिरीतले नावाजलेले स्त्रीरोगतज्ज्ञ.

“सोमवारची घाई कशाला? दुसरा नमुना पाठवू. आजार ताजा असेल तर आयजीजीचा आकडा चांगलाच चढलेला दिसेल. जुना असेल तर तिथल्या तिथे.”

“मॅडम, रिपोर्ट तुम्ही द्यायचा. निर्णय मी घेतो.”

“मग पुरता रिपोर्ट येऊ द्या. आजार जुना निघाला आणि तुम्ही चांगला गर्भ काढलात, तर?”

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला.

“आठवडाभर थांबतो. पुढे महिने चढतील.”

पहिला रिपोर्ट यायलाच दोन आठवडे गेले होते आणि दोन नमुन्यांत तेवढंच अंतर लागतं, त्यामुळे दुसरा नमुना घ्यायची वेळ झालीच होती. सुनंदाचं रक्त घेतलं. मग काकींना आत बोलावलं.

“काकी, तुमचंही रक्त द्या.”

“माजा? माजा कशाला?”

“मला तुलना करायचीय. हा आजार घरातल्या घरात, साध्या मुक्यानेही लागतो. तुम्हाला जर येतो की नाही?”

“येतो. म्हनून काय झाला?”

“काय झालं, तेच बघू. माझंही पाठवते. मलाही येतो.”

काकींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी बाही वर केली आणि लॅबच्या मदतनिसापुढे हात धरला. माझी बाटली भरली. मग त्यांनीही मुकाट्याने हात पुढे केला. थर्मासमध्ये तीन बाटल्या गेल्या.

ट्रंक कॉलवर हातापाया पडून मी रिपोर्ट आठवड्याच्या आत मिळवला. दोघींना समोर बसवलं.

“सुनंदाचं आयजीजी होतं तेवढंच आहे. आयजीएम या वेळी निगेटिव्ह. म्हणजे आजार ताजा दिसत नाही. जुना आहे, बहुधा शाळेतला. माझंही आयजीजी पॉझिटिव्ह.”

“आनि माजा?”

“तुमचं आयजीजी पॉझिटिव्ह. आयजीएम डाउटफुल.”

काकी रिपोर्टकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागद त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

“हिचा आदी आला हुता, तसाच?”

“अगदी तसाच.”

“माजा घोव जाऊन पंधरा वर्सा झाली, बाय.” नवरा गेल्यापासूनची वर्षं त्यांनी बोटांवर मोजून दाखवली. “माज्यात ह्यो कुटनं येनार?”

“ओठातून. लहानपणी कधीतरी. तुम्ही कुठे काही वाकडं वागलात असं मी म्हटलं का?”

त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी बारीक केली आणि कमरेच्या पिशवीत खोचली. मग हळूच म्हणाल्या, “ह्या कागदाचा कुनाला सांगू नका हां.”

“नाही सांगणार. पण कागदावरून कुणी संशय घेऊ नये, तुमच्या सुनेलाही तेवढंच हवं होतं, काकी.”

सुनंदा तेव्हा पहिल्यांदा हमसून रडली. काकी तिच्याकडे न बघताच उठल्या आणि दारात तिच्यासाठी थांबल्या.

डॉक्टरांना कळवलं. “मग ठेवू या म्हणता?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “आता हा निर्णय तुमचा.” त्यांनी ठेवला. आधीचे दोन गर्भ का गेले, ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून पुढचे महिने आम्ही सगळेच धास्तावलेले होतो. भातं पोसवत असताना सुनंदाला मुलगी झाली. धडधाकट.

दीडेक महिन्याने त्या दोघी बाळाला घेऊन लॅबमध्ये आल्या. काकींनी तोंडावर पदर धरला होता.

“काय हो काकी, काय झालं?”

त्यांनी पदर जरा बाजूला केला. ओठाच्या कडेला खपली होती.

“जर आलाय. तुमीच सांगितलाव ना, असा असला तर पोराचा मुका घेयाचा नाय, तान्याला बादतो? खपली पडंस्तवर ती आवशीकडंच. मी आपली लांबनं बगतंय.”

आणि खरंच, त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला बाकावर जाऊन बसल्या. नात आईच्या मांडीवरून तिकडे बघून हातपाय झाडत होती, आणि काकी हाताची घडी घालून जागच्या हलल्या नाहीत.

पुढे कितीतरी डाउटफुल रिपोर्ट आले. कुणी घरातल्या बाईकडे बोट दाखवायला लागलं की मी आधी त्याचीच बाही वर करायला सांगायची. बहुतेकांना तेव्हा घरी काहीतरी काम आठवायचं.