उजव्या सीटवरच्या सकिनाभाभी

आमच्या वाशीच्या सोसायटीत जर्मन गाड्या दोनच, आणि दोन्ही सुलेमानभाईंच्या घरात. त्यांची स्वतःची गोल्फ जीटीआय पहिल्या पिढीची, बहारीनहून आणलेली. चौकोनी, हलकी आणि मालकासारखीच तापट. त्र्याण्णव साली पुतण्या नदीम दुबईहून परतला, तो दुसऱ्या पिढीची गोल्फ घेऊन. ही अंगाने भरलेली, आवाजाने शांत. पण सोसायटीचा नियम, फ्लॅटला पार्किंग एकच. म्हणजे एक गाडी म्हसळ्याला, गावी जाणार.

कोणती, ते उरणच्या रस्त्यावर शर्यत लावून ठरवायचं होतं. दोन्ही गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. पुढे ट्रेलर आला की चालवणाऱ्याला फक्त ट्रेलर दिसतो, समोरून काय येतंय ते उजव्या सीटला दिसतं. भाईंच्या त्या सीटवर कायम त्यांची बायको, सकिनाभाभी. त्या "चला" म्हणाल्या की भाई डोळे मिटून ओव्हरटेक करतात. एरवी ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

मी मागे बसलो होतो. भाभींच्या जोरावर आम्ही उरणला चहा संपवला, तेव्हा एकटा नदीम धूळ खात पोचला.

"बघितलास? पहिली ती पहिली," भाई म्हणाले.

"चाचा, गाडी नाय जिंकली. चाची जिंकली."

मुद्दा बिनतोड होता. येताना भाभी नदीमच्या गाडीत बसल्या आणि भाईंच्या उजवीकडे मी. तुर्भ्यापर्यंत मी इतक्या वेळा "थांबा" म्हणालो, की भाईंनी माझ्याशी बोलणंच टाकलं. नदीम अर्थातच आधी पोचला होता.

दोन्ही गाड्यांत बसलेलं माणूस एकच. त्यामुळे निकाल भाभींनीच द्यायचा होता. त्या भाईंकडे बघत म्हणाल्या, "नदीमची दमाने पळते, कंबर पन धरत नाय. रोजच्या ट्राफिकला ती बरी. पन तुमची वळणावर कशी फिरते, ते तिला जमनार नाय. तिला ट्रकांमागे कशाला कुजवता? गावच्या घाटात न्या."

भाईंनी आपल्या गाडीच्या बॉनेटवरची धूळ हाताने पुसली. मग भाभींना म्हणाले, "रविवारी सोडू. तू चल सोबत."

दुसऱ्या दिवशी कोणीतरी जिन्यात विचारलं, "काय सुलेमानभाई, हरली म्हणे गाडी?"

"कोण म्हणतो? आमच्या बेगमने तिची घाटात बदली केलीय." भाईंनी कॉलर सारखी केली. "दोन्ही गाड्या जर्मनीत बनल्या. पण असा निकाल देणारी तिथे एक तरी बाई आहे का, विचारून या."