विटकरी कुंकू

तानी, मी गाव सोडलं त्या सकाळी अव्वानं माझं तोंड तिच्या हातानं धुतलं. लग्न होऊन दोन वर्षं झालेली बाई मी, आणि आपली आई मला लहान पोरीसारखं दगडावर बसवून तोंडाला डाळीचं पीठ चोळत होती. तू मेंढरं घेऊन माळावर गेली होतीस, म्हणून तुला हे ठाऊक नाही. ताकाच्या निवळीनं तोंड पुसलं, कपाळावर मेण लावलं, त्यावर कुंकू टेकवलं आणि उरलेल्या कुंकवाची पुडी माझ्या ओटीत टाकली. म्हणाली, "धनी लढाईवर हाय तुजा. कपाळ उघडं ठिवू नगंस. घटकाभरबी न्हाई." कवठे महांकाळला मोटार लागेपर्यंत तिनं तीनदा माझं कपाळ बघून घेतलं. मोटारीच्या धक्क्यानं कुंकू सांडेल म्हणून मी सातारा येईपर्यंत मान हलवली नाही.

साताऱ्याला माझे थोरले दीर शाळेत शिपाई होते. जाऊबाईंना, म्हणजे आक्कांना, तिसरा महिना लागला होता आणि त्यांना हाताखाली बाई हवी होती. माझा लोभ निराळाच होता. मालकांची पलटणीतून येणारी पत्रं त्याच पत्त्यावर यायची. गावी ती पोचायला आठ-आठ दिवस लागत, इथं मला त्याच दिवशी कळणार होतं. एका खोलीत आम्ही तिघं, मधे जुनेराचा पडदा. माझी ट्रंक पडद्याच्या अलीकडं, तीच माझी बसायची जागा.

आपल्याकडं तोंड उन्हानं रापायचं, इथं थंडीनं उलायला लागलं. गालाची सालं निघायची, हनुवटीला मुरूम, नाकाच्या दोन्ही अंगांना वांग. गावाकडं कुणाचं लक्ष होतं? मेंढरं काही तोंड बघून मागं येत नाहीत. इथल्या गल्लीत बायका तोंडाला स्नो लावायच्या, वर पावडर थापायच्या. शेजारच्या मालतीबाईंनी, एका कारकुनाच्या बायकोनं, मला हाताशी धरलं. कातडं कोरडं पडलंय तर डाळीचं पीठ बंद कर, साय लाव. मुरमावर जायफळ उगाळून लाव. वांगाला मसूर दुधात वाट. सगळं बरोबर निघालं, महिन्याभरात तोंड मऊ झालं. म्हणून तिचं पुढचंही मी ऐकलं. ती म्हणाली, "हौसा, कुंकू कसलं गं हे, विटेच्या भुग्यासारखं?"

अव्वाचं कुंकू विटकरीच असतं, तुला काय सांगायचं. हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसात नि टाकणखारात मुरवायचे, सावलीत वाळवायचे आणि उखळात कुटायचे. आपले हात चार दिवस पिवळे राहायचे. पण गल्लीतल्या बायकांची कपाळं लालभडक, आणि त्यांच्यात बसलं की मला माझं कपाळ धुळीनं भरल्यासारखं वाटायचं. मी बाजारातलं लाल कुंकू आणलं आणि अव्वाची पुडी ट्रंकेच्या तळाला घातली. वर तिला पत्रात लिहिलं की तुझंच कुंकू लावते. ती पत्रं तूच तिला वाचून दाखवलीस. हे तिला सांगू नकोस.

दोन-तीन महिन्यांत कपाळ खाजायला लागलं. मग काळं पडलं, खपली धरली. खपली गेली तेव्हा खाली ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग. मी आरसा पालथा घातला. वरच्या आळीतली कोंडाबाई आठवली. कोड फुटलं म्हणून तिचं ताट वेगळं केलं, खोपी वेगळी बांधली, आणि आपण पोरीसोरी तिच्या सावलीतून पळत जायचो. मी तिच्यासाठी कधी थांबले नव्हते, आता माझ्यासाठी कोण थांबणार? मालक येतील, डाग बघतील आणि मला त्याच मोटारीत बसवून माघारी धाडतील, हे मला डोळ्यांपुढं दिसायचं.

कुंकवानं डाग झाकता येत होता. मग मी दुसरं काय करणार? डाग वाढला की कुंकू वाढवायचं, आणि कुंकू वाढवलं की डाग वाढायचा. हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आक्का हसायच्या, "भाकरी थापतीस व्हय गं कपाळावर?" मी पण हसायची, आणि तोंड धुताना न्हाणीला आतून कडी घालायची.

आक्कांना मुलगी झाली, आणि तिथं मी सापडले. पोरीला न्हाऊ घालताना, पाळण्यातून उचलताना मी टाळायला काही ना काही निमित्त काढायची. माझं तिला लागलं तर, ही भीती. बाराव्या दिवशी आक्का चिडल्या. "पोरगी झाली म्हणून हात लावीनास व्हय?" मला रडू फुटलं. त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि माझं कपाळ पुसलं. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. मग म्हणाल्या, "चल, दवाखान्यात दाखवू."

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बघितलं. कोड नाही, म्हणाल्या, कुंकवातल्या रंगानं कातडी जाळलीय. मेण नको, कुंकू नको, साबण नको. खोबरेल तेल लावायचं, मऊ फडक्यानं टिपायचं आणि दोन महिने कपाळ मोकळं ठेवायचं. कोड नाही ऐकून मी हात जोडले, आणि शेवटचं ऐकून ते तसेच राहिले. "बाई, मालक लढाईवर हायत," मी म्हणाले. "मग?" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

वाटेत आक्का माझ्या कपाळाकडं बघत चालल्या होत्या. त्यांनाही तीच भीती, मला दिसत होतं. मालकांचं पत्र येऊन तीन महिने झाले होते. आता बायकोनंच आपल्या हातानं कपाळ पुसायचं? डाग चालेल, सगळं तोंड पांढरं होऊ दे, पण हे नको, असं मी चार दिवस धरून बसले. पाचव्या दिवशी कपाळातून पाणी वाहायला लागलं. आक्का म्हणाल्या, "त्यो यील तवा तुजं तोंड तरी जाग्यावर असू दे. पुस. मी हाय न्हवं." त्यांनी बाजारातलं कुंकू चुलीत टाकलं. मी कपाळ पुसलं आणि पडद्याआड ट्रंकेवर बसले.

दुपारी दारात पोस्टमन आला आणि त्यानं माझंच नाव घेतलं.

तानी, त्या हाकेनं माझं काय झालं ते मला लिहिता येत नाही. आक्का दाराकडं निघाल्या, मी त्यांचा पदर धरला. "थांबा, घेऊ नगा." उघड्या कपाळानं ते पत्र घरात आलं असतं तर त्यात काय निघालं असतं, याची मला खात्रीच होती. ट्रंक उपसली. लुगडी बाहेर फेकली. तळाशी अव्वाची पुडी सापडली. जखमेच्या खाली, भुवयांच्या मधे, ओल्या बोटानं एवढासा टिपका लावला आणि मग हात पुढं केला. पोस्टमन म्हणाला, "ताई, साधं पत्र हाय, तार न्हाई."

मालकांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं होतं. मी खुशाल आहे, इथं मच्छर लय आहेत. पण पत्र दोन महिन्यांपूर्वीचं. लिहिलं तेव्हा खुशाल, आणि आता? भीती गेली नाही, नुसती पुढं सरकली. पण अव्वाच्या कुंकवानं कपाळ खाजलं नाही. डॉक्टरीणबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, जखमेपासून लांब एवढंच असू दे. जखम भरली, पांढरा डाग राहिला. माझं कुंकू अजून तिथंच असतं, बारीक आणि खाली. तू पत्रात विचारलंस ना, त्याचं कारण हे.

लढाई संपली, मालक साताऱ्याला आले ते इथंच राहिले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत असताना त्यांनी डाग बघितला. "ह्ये कवा झालं?" मी सगळं सांगितलं, अर्धा दिवस कपाळ मोकळं होतं तेसुद्धा, आणि मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी महिना विचारला, बोटं मोजली. म्हणाले, "त्या दिवसांत आमाला मटण मिळालं हुतं एकदा. त्योच दिवस आसंल." मी हसले आणि लय रडले.

आता तूही सांगलीला नांदायला चाललीस. चांगली हळद तिथंच मिळते, टाकणखाराचं प्रमाण अव्वाला विचार आणि तुझं तू कूट. तोंडाला नवं काही लावायचं झालं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून चार दिवस थांब. शेजारीण कितीही शहाणी असली तरी.

घर म्हटलं की मला आधी तो दगड आणि अव्वाचा पिवळा हात आठवायचा. अजूनही आठवतो. पण साताऱ्यात माझं घर म्हणजे रोज सकाळी तोंड धुतल्यावरची घटकाभर. कपाळ कोरडं असतं, बोट पुडीत असतं आणि मला अजून भीती वाटते. मी पडद्याआडून हाक मारते, "आवं." मालक बाहेरून म्हणतात, "हाय, हाय. लाव आता." मग मी लावते.